रेवा चालायच्या आत फरशी

घरात फरशीचं काम काढलं की दोन गोष्टी साचतात, धूळ आणि किस्से. धूळ पुसली की जाते. किस्से मात्र भेटेल त्याला सांगत बसावे लागतात आणि आमच्या प्रत्येक किश्श्यात मी थोडी वेडीच दिसते. काय करणार, होतेच तशी.

आमचा फ्लॅट विश्रांतवाडीत, दुसऱ्या मजल्यावर. बिल्डरने टाकलेली फरशी पांढरी आणि इतकी गुळगुळीत, की तिच्यात ट्यूबलाइट दिसायची. माझी मुलगी रेवा तेव्हा दहा महिन्यांची. सोफ्याला धरून उभी राहायला लागली होती. एका सकाळी स्वतःच्याच लाळेवरून तिचा पाय सटकला आणि ती हनुवटीवर आपटली. हनुवटीला काही झालं नाही. मला झालं. त्याच दिवशी मी जाहीर केलं, की ही चालायला लागायच्या आत घरातली सगळी फरशी बदलायची.

रेवाला हे कोणी सांगितलं नव्हतं.

* * *

मी आधी एक्सेल शीट केली. विट्रिफाइड, मॅट, कोटा, मार्बल, लॅमिनेट, विनाइल. पुढे रकाने: घसरण, थंडपणा, डाग, आपटल्यावर लागण्याची शक्यता. शेवटच्या रकान्यात मी एक ते दहा गुण दिले होते. ते कशाच्या आधारावर दिले, हे नवऱ्याने, म्हणजे समीरने, विचारलं. मी म्हटलं, अंदाजाने.

दोन आठवड्यांत शीटमध्ये एकवीस फरश्या झाल्या. समीर ती खालपर्यंत सरकवत गेला, परत वर आला आणि शांतपणे म्हणाला, "रेवाचं नाव आपण एका दुपारी ठरवलं होतं."

* * *

शनिवार पेठेत एक जुनं टाइल्सचं दुकान आहे असं कळलं म्हणून गेले. मालक पेपर वाचत होते. मी एका टाइलवर बोट ठेवून विचारलं, ही घसरत नाही ना?

"फरशी जागची हलत नाही," ते पेपरातून म्हणाले. "माणसं घसरतात."

मी दहा महिन्यांच्या मुलीचं सांगितलं. ते उठले आणि त्यांनी एक खरखरीत टाइल काढून दिली. हिच्यावर कोणीही घसरत नाही, पुसायला घेतलीत तर फडकंसुद्धा पुढे सरकत नाही, म्हणाले. मी हात फिरवला. किसणीच! मला लगेच रेवाचे गुडघे आठवले. मी म्हटलं, पायाला घसरणार नाही, पण गुडघ्याला मऊ लागेल, अशी काही?

त्यांनी पेपर परत उचलला. "सापडली की मलाही कळवा, मॅडम. मी विकायला ठेवतो."

* * *

मग कॉन्ट्रॅक्टर यायला लागले. पहिला टॅबलेट घेऊन आला. त्यात आमचा हॉल आधीच होता, फक्त त्यात आम्ही नव्हतो. त्याने विचारलं, "मॅम, थीम काय ठेवायची?"

मी म्हटलं, "रांगणं."

त्याने टॅबलेटवरची थीमची यादी चाळली. मग म्हणाला, "म्हणजे रस्टिक."

दुसरा लॅमिनेटवाला. लाकडासारखं दिसतं, पायाला गार लागत नाही, पडलं तरी जोरात लागत नाही. शीटमध्ये त्याला सर्वांत जास्त गुण होते. मी जवळजवळ हो म्हणणारच होते. त्याने सॅम्पल जमिनीवर मांडली आणि एकच अट सांगितली, की पाणी सांडून राहता कामा नये. तेवढ्यात रेवाने नाचणीच्या सत्त्वाची वाटी सॅम्पलवर उपडी केली. वर हात फिरवून सगळीकडे सारखं लावलं.

त्याने खिशातल्या रुमालाने सॅम्पल पुसलं, पिशवीत घातलं आणि मुलगी गोड आहे असं म्हणून निघून गेला. त्याने कोटेशन कधीच पाठवलं नाही.

* * *

तिसरे बबनराव. हडपसरचे. वडिलांची शेती होती तिथे आता सोसायट्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्या सोसायट्यांची फरशी आपण टाकली, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. मोठेपणा म्हणून नाही, पत्ता सांगावा तसं.

त्यांनी थीम विचारली नाही. चपला दाराबाहेर काढल्या आणि डोळे मिटून घरभर अनवाणी चालत गेले. मधेच थांबून टाचेने ठोकायचे आणि म्हणायचे, "इथं पोकळ हाय." मग हॉलच्या मधोमध सरळ पालथे झाले, गाल फरशीला लावला आणि एक डोळा मिटून उतार बघत पडून राहिले.

माझ्या सासूबाई तेव्हा चहा घेऊन आल्या. ट्रे सांभाळत त्या बबनरावांच्या पायांच्या बाजूने माझ्यापर्यंत आल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "यांना उशी देऊ का?"

रेवाने मात्र रांगत जाऊन त्यांच्या समोर तसाच गाल टेकवला. दोघं एकमेकांकडे बघत पडले होते. उठल्यावर बबनराव म्हणाले, उतार बाल्कनीकडं पाहिजे होता, सैपाकघराकडं गेलाय. काम यांनाच द्यायचं हे मी तिथेच ठरवलं. शीट न उघडता.

* * *

निवड करायची पद्धतही त्यांचीच. चार टाइल आणून ठेवल्या आणि म्हणाले, तुमच्या घरात जे सांडतंय ते हिच्यावर सांडा.

आम्ही रविवारी बसून सांडलं. वरण, तेल, सत्त्व, साबणाचं पाणी. सासूबाई पाय ओले करून प्रत्येक टाइलवर उभ्या राहिल्या, समीरने त्यांचा हात धरला आणि मी वहीत लिहीत गेले. सासूबाईंना पांढरी हवी होती, कारण घाण दिसली पाहिजे. मला राखाडी हवी होती, कारण घाण दिसायला नको. शेवटी फिकट राखाडी मॅट ठरली. तिच्यावर घाण दिसते, पण कोणी पाहुणा येईपर्यंत नाही.

* * *

काम बेडरूमपासून सुरू झालं. आता एक कबुली. त्या दिवसांत मी रेवाला खाली ठेवतच नव्हते. धूळ आहे, खिळे आहेत, असं सगळ्यांना सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. ती आता सोफा सोडून एक हात हवेत ठेवायला लागली होती आणि हॉलची फरशी अजून व्हायची होती. ती उभी राहिली की मी उचलायची. पुन्हा उभी राहिली की पुन्हा उचलायची.

सासूबाईंनी आठवडाभर बघितलं. मग भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "फरशी होईल गं वेळेवर. मुलगी कडेवरच राहील."

मला राग आला. रागाने मी रेवाला आणखी थोडा वेळ कडेवर ठेवलं.

* * *

हॉलची शेवटची ओळ एका दुपारी बसली. पुढचा एक दिवस तिच्यावर कोणी पाय ठेवायचा नाही, अशी बबनरावांची ताकीद होती. समीरचा लॅपटॉपचा चार्जर खिडकीत राहिला होता. त्याने फक्त चवड्यांवर जाऊन येतो, अशी परवानगी मागितली. बबनराव म्हणाले, चवड्यावर सगळं वजन एकाच जागी येतंय, तुम्ही तर आजिबात नको. समीर जिन्यात जाऊन फोनवरून मीटिंगला बसला.

बबनराव मुख्य दाराबाहेर बादलीत थापी धूत होते. बेडरूमच्या दारात त्यांनी अडसर म्हणून टाइल्सचा रिकामा खोका लावून ठेवला होता. सासूबाई आणि मी उद्यापर्यंतचं खाणं-पिणं घेऊन आधीच आत बसलो होतो आणि कपड्यांच्या घड्या करत होतो. चादर मोठी होती, तिला दोघी लागतात, म्हणून मी रेवाला खाली ठेवलं.

चादरीची तिसरी घडी होईपर्यंत रेवा खोक्याला धरून उभी राहिली होती. चौथीला तिने खोका ढकलला. तो सरकला. ती त्याच्यामागे गेली. तो आणखी सरकला. आम्ही दारात पोचलो तोवर ती हॉलच्या मध्यावर होती, नव्या फरशीवर, आणि दोन टाइलमधलं अंतर राखायला सांध्यात खोचलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्याला खोका अडला.

तिने तो थोडा वेळ ढकलून पाहिला. मग सोडून दिला आणि त्याला वळसा घालून निघाली. एक पाऊल. दुसरं. तिसरं. आणि धपकन बसली.

माझा पाय उंबऱ्यावरून उचलला गेला होता. सासूबाईंनी माझं कोपर घट्ट धरलं. मी पडू नये म्हणून नाही.

रेवाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रडायचं की नाही, हे ती मला विचारत होती. मग तिने दोन्ही तळवे फरशीला टेकले, बूड वर केलं आणि उठली.

बबनरावांनी थापी बादलीत सोडली, हात लुंगीला पुसले आणि ते तिच्याकडे पुढे करून दाराबाहेरच उकिडवे बसले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"तुम्ही नका येऊ, ताई," ते म्हणाले. "ती येतीय की."