हात सोडायची परीक्षा

आमच्या सेंटरमधले किस्से मला कधी जमवावे लागले नाहीत. माणसाला खांद्यांवरून आणि मांड्यांखालून पट्टे आवळून टॉवरवर चढवलं, की त्याच्या मनातलं काहीबाही आपोआप खाली सांडतं. आणि खाली बहुतेक वेळा मीच उभी असायचे.

हे सेंटर म्हणजे इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या कडेला एक मोठी शेड आणि तिच्या मागे अंगणात उभा केलेला लोखंडी टॉवर. मोबाईलचे मास्ट म्हणजे उंच खांब, छपरं, नाट्यगृहातले दिवे अशा उंच जागी काम करणारे लोक आमच्याकडे यायचे. पडायचं कसं नाही, आणि पडलंच तर दोरीने कसं वाचायचं, हे आम्ही शिकवायचो. दोन हजार सालानंतरचे ते दिवस, जिकडे तिकडे नवे मास्ट उभे राहत होते. नवऱ्याच्या आयटीमागून मी इथे आले होते, आणि पुण्यात असताना डोंगर चढायचे, तेवढ्या भांडवलावर मला ही नोकरी मिळाली.

टॉवरवरून मिल्टन कीन्स फार निराळं दिसतं. गाडी चालवताना वैताग आणणारे चौकाचौकातले गोल राऊंडअबाउट वरून थालीपिठाला पाडलेल्या भोकांसारखे दिसतात. त्यांच्याभोवती गाड्या आवाज न करता फिरत राहतात. पहिल्या वर्षी मी शिकवायचं सोडून तेच बघत बसायचे.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी विचारायचंच, "मेधा, तू काय करतेस?" बाकी सगळे डॉक्टर नाहीतर कॉम्प्युटरवाले. मी म्हणायचे, "लोकांना न पडायला शिकवते." एकदा हाडांचे डॉक्टर असलेले एक काका ते ऐकून हातातला मोदक खाली ठेवून माझ्याकडे वळले.

"अच्छा, ती तू होय! तरी म्हटलं, हल्ली माझी ओपीडी रिकामी का असते."

*

आमचा हेड ट्रेनर ग्रॅहम. सगळं आयुष्य चर्चचे उंच कळस दुरुस्त करण्यात गेलेला, साठीला टेकलेला, बोलायला अतिशय कंजूष. त्याचा नियम एकच. प्रत्येकाच्या छातीवर दोन हुक असतात. चढताना एक वर अडकवायचा, मोठ्याने "क्लिप्ड" म्हणायचं, आणि मगच दुसरा काढायचा. मनातल्या मनात म्हटलेलं चालायचं नाही. अख्खा टॉवर दिवसभर क्लिप्ड क्लिप्ड करत असायचा, आणि लांबून ऐकलं तर कुणीतरी जप करतंय असंच वाटायचं.

कोर्स करून गेलेल्या एका छपरवाल्याच्या बायकोचा एकदा फोन आला. म्हणाली, "हा झोपेत कूस बदलण्याआधी क्लिप्ड म्हणतो."

मी माफी मागितली. म्हटलं, सवय जाईल हळूहळू.

"तसं नाही गं," ती म्हणाली. "काल तो म्हणायला विसरला, आणि मला रात्रभर झोप नाही."

*

लंडनमधल्या एजवेअरची निशा नाट्यगृहात दिवे टांगायचं काम करायची, म्हणून आमच्याकडे कोर्सला आली होती. जन्म इथलाच. मुलगी उंचावर लोंबकळते हे तिच्या आईला, सुधाताईंना, मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी तीस वर्षं नर्सिंग केलेलं, वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना उचलून उचलून त्यांची पाठ गेलेली. एका शनिवारी त्या आम्हाला जाब विचारायला म्हणून आल्या, आणि येताना सगळ्यांसाठी बटाटेवडेही घेऊन आल्या.

ग्रॅहमने तीन वडे खाल्ले आणि एक हार्नेस, म्हणजे तो पट्ट्यांचा साज, त्यांच्यापुढे धरला. त्या नको नको म्हणाल्या आणि पंजाबी ड्रेसवरून चढवूनही घेतला. आम्ही कप्पीने त्यांना जमिनीपासून जेमतेम हातभर उचललं. त्यांचे पाय सुटले, चपला खाली राहिल्या, आणि त्या अलगद स्वतःभोवती फिरायला लागल्या. डोळे मिटलेले.

"आई, आता खाली ये ना," निशा म्हणाली. "माझी नंबर आहे. सगळे लोक वेट करतायत."

सुधाताईंनी डोळे उघडले नाहीत. "करू देत. मी जन्मभर लोकांना उचललं. आज पहिल्यांदा मला कुणीतरी उचललंय."

निशाने आपला नंबर सोडून दिला. मला भरून आलं, म्हणून मी उगीचच कप्पीला तेल घालायला गेले.

*

आता सुनील. पुण्याहून वर्क परमिटवर आलेला मास्ट इंजिनियर, साधा, कामाला चोख. बायको अश्विनी इथे रुळलेली, मुलगी नुकतीच शाळेत जायला लागलेली. त्याच्या कंपनीने सांगून ठेवलं होतं, की उंचीचं सर्टिफिकेट मिळालं तर राहायचं, नाहीतर तिघांनी परत जायचं. दोन प्रयत्न देऊ म्हणाले होते, नंतर रडतखडत तिसरा कबूल केला.

चढायला सुनील एक नंबर. अडचण पुढे होती. वर पोचल्यावर कमरेचा पट्टा खांबाभोवती घालायचा, त्यावर मागे रेलायचं आणि दोन्ही हात सोडायचे, कारण काम करायला हात मोकळे हवेत. सुनील सगळं करायचा, पण हात काही सोडायचा नाही. पट्टा हत्तीला पेलेल इतका मजबूत आहे हे त्याला गणिताने पटलेलं होतं, हातांना पटत नव्हतं.

पहिल्या परीक्षेला मी त्याच्या शेजारीच होते. म्हटलं, "सुनील, हात सोड."

"सोडलेत, मेधाताई."

त्याची बोटं खांबावर आवळून पांढरी पडली होती.

"अरे, कुठे सोडलेस?"

"मनातून सोडलेत."

*

दुसऱ्या वेळी सकाळी दाट धुकं होतं. ग्रॅहम खूश झाला. जमीनच दिसली नाही तर भीती कसली, असा त्याचा हिशोब.

आम्ही धुक्यातून चढत चढत वर निघालो. वर लख्ख ऊन. शहर नाहीसं झालेलं, राऊंडअबाउट नाहीत, गाड्या नाहीत. दूर एका चर्चचा कळस तेवढा वर आलेला, आणि आम्ही तिघं. इतकं शांत की आपल्या श्वासाचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटावा. मला तर तिथेच राहावंसं वाटलं.

ग्रॅहम हळूच म्हणाला, "आता सोड. खाली काहीच नाहीये."

सुनीलने खाली बघितलं आणि खांबाला अजून घट्ट मिठी मारली. "तेच ना. रोज निदान कुठे पडणार ते तरी माहीत असतं."

ग्रॅहमने यावर बराच विचार केला आणि मला म्हणाला, "त्याचं बरोबर आहे." तरी नापास केलंच.

*

तिसरी परीक्षा मे महिन्यात, जेवणानंतर. या वेळी रेस्क्यू होता. वर लटकलेल्या जखमी माणसाला दोरीने खाली आणायचं. जखमी म्हणून आम्ही एक जड पुतळा टांगायचो, पण त्याचा खांदा उसवला होता, म्हणून ग्रॅहम स्वतःच जखमी झाला. दोन दोऱ्यांना बांधलेल्या फळीवर तो आरामात बसला, पाय आडव्या दांडीवर टेकले आणि बेशुद्ध पडल्यासारखे डोळे मिटले. मी शेजारच्या मचाणावर लक्ष ठेवायला उभी. खाली फाटकाशी अश्विनी मुलीला घेऊन आली होती.

सुनील चढून आला. क्लिप्ड म्हणाला, पट्टा खांबाभोवती घातला. आणि थांबला.

ग्रॅहम घोरत होता.

सुनीलने माझ्याकडे बघितलं. आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हणाला, "झोपलेत."

उठव, असं मी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. सुनीलला उठववेना, मोठ्या माणसाची दुपारची झोप मोडायची नाही, हे आम्हा दोघांच्या अंगातच मुरलेलं. खालून कसलाच आवाज येत नव्हता. वारा अगदी मंद होता आणि टॉवर जाणवेल न जाणवेल असा डुलत होता. ऊन सरकत सरकत ग्रॅहमच्या तोंडावर आलं. त्याच्या पापण्या हलल्या, कपाळाला आठी पडली.

सुनील मागे रेलला आणि दोन्ही हात पुढे करून त्याने ग्रॅहमच्या डोळ्यांवर सावली धरली.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. ग्रॅहमने शेवटी एक डोळा उघडला. आधी ते दोन हात पाहिले, मग सुनीलला, मग रिकाम्या खांबाला.

"केव्हा आलास?"

"झाला थोडा वेळ. तुम्ही झोपला होतात."

ग्रॅहमने परत डोळे मिटले.

"पास. आता खाली घे मला," तो म्हणाला. "पण हळू. जाग येऊ देऊ नकोस."