लॅबच्या दारातल्या चपला

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबच्या दारात चपला साठतात, तसेच ते साठतात. आधी एक जोड येतो, मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता पाय ठेवायला जागा उरत नाही.

लॅबमध्ये धूळ नको म्हणून चपला बाहेरच काढायच्या, हा गफूरमामांचा नियम. मामा लॅबचे शिपाई. मॅडमनाही सूट नाही!

यंदा नववीत साळवे मॅडमनी प्रत्येकाला स्वतःची पोर्टफोलिओ वेबसाइट करायला सांगितली. पानं चार: होम, माझं काम, माझ्याविषयी आणि संपर्क. शनिवारी पालक येणार, साइट मोठ्या पडद्यावर दिसणार आणि ज्याची त्यानं दोन मिनिटं बोलायचं.

"एक जरी पान रिकामं दिसलं, तर ती साइट पडद्यावर येणार नाही!" मॅडम म्हणाल्या.

माझी साइट पडद्यावर यावी असं मला फार वाटत होतं. फक्त ती दोन मिनिटं कुणीतरी काढून घ्यावीत, असंही वाटत होतं.

*

सगळ्यात आधी होम पेज झालं ते संकेतचं. तो पिशोरचा, इथं काकांकडे राहून शिकतो. त्याच्या होम पेजवर पत्र्याचं घर आणि घरासमोर म्हैस!

"संकेत, हे काय आहे?"

"होम, मॅडम. तुम्हीच म्हणला ना, आधी होम टाका."

"बरं. पण म्हैस कशाला?"

"ती बी घरातलीच हाय!"

*

संकेतनं पुढची पानं तयार टेम्प्लेटवरून केली, पण त्यातला नमुन्याचा मजकूर बदलायचा राहिला. त्यामुळे 'माझ्याविषयी' पानावर आलं: 'मला या क्षेत्रातील बारा वर्षांचा अनुभव आहे.'

"तुझं वय काय रे?" मॅडमनी विचारलं.

"चौदा."

"मग बारा वर्षांचा अनुभव कशाचा?"

संकेतनं मनातल्या मनात हिशेब केला. "बरोबर हाय मॅडम. दोन वर्षांचा होतो, तवापासून म्हशीच्या मागं हाय!"

*

आफरीन माझ्या शेजारच्या मशीनवर बसते. संपर्काच्या पानावर फोन नंबर टाकायचा नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. तिनं टाकला नाही. तिनं लिहिलं: 'पडेगावला उतरा. पाण्याच्या टाकीपाशी कुणालाही विचारा.'

"अगं, ही साइट जगातून कुणीही बघेल!"

"तो क्या हुआ मॅडम? कोई बी आओ, टाकी के पास सब बताते!"

*

माझी तीन पानं झाली होती. 'माझं काम' या पानावर पेन्सिलीची चित्रं होती, लॅबच्या दारातल्या चपलांची. मधल्या सुट्टीत मी तीच काढत बसते. चपला हलत नाहीत, आणि काही विचारतही नाहीत.

'माझ्याविषयी' मात्र सुचेना. शेवटी मी तिथं 'काम चालू आहे' असं पिवळ्या पट्टीत लिहिलं.

आफरीननं वाकून पाहिलं. "ये तो रोड वाला बोर्ड है! फिर तो हो चुका तेरा काम!"

घरी आईला विचारलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "लिही की, मी लई बोलत नाय."

"एवढंच?"

"सुमे, जास्त लिहिलंस तर ते खोटं व्हईल ना!"

*

शनिवारी सकाळी मी ती पिवळी पट्टी काढली आणि तिथं एकच चित्र टाकलं. खाली ओळ नाही, काही नाही. मॅडमनी बराच वेळ पाहिलं. "रिकामं तर नाही म्हणता येणार," त्या म्हणाल्या.

माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. पडद्यावर माझी चित्रं आली आणि माझा आवाज गेला. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

तेवढ्यात दारातून मामा ओरडले, "अरे, ये तो मेरी है!"

मामांच्या चपलेचा तुटलेला पट्टा नेटवर्कच्या निळ्या वायरनं बांधलेला आहे. चित्रात मी ती गाठसुद्धा रेखाटली होती.

"तो माझा बूट!" संकेत. "मेरी सँडल, मेरी सँडल!" आफरीन. मॅडमनी स्वतःची चप्पल ओळखली आणि त्या हळूच म्हणाल्या, "अगं बाई, टाच एवढी झिजलीय?" सगळे हसले. दोन मिनिटं कधीच संपून गेली होती.

मग 'माझ्याविषयी' पान उघडलं. चित्रात दारासमोर चपलांची गर्दी, आणि पार कडेला, खिडकीखाली, एकच जोड.

आई शेजारच्या बाईंना म्हणाली, "ही आमची सुमी. तिथंच असती."

कार्यक्रम संपल्यावर मी बाहेर आले. खिडकीखाली माझ्या चपला नव्हत्या. शोधल्या, तर आफरीनची सँडल आणि संकेतचा बूट यांच्या बरोबर मध्ये!

मी मामांकडे पाहिलं. ते कुलूप हातात घेऊन दारात उभे होते.

"क्या करता बेटा," मामा म्हणाले, "कडंला जागाच नव्हती!"

खिडकीखालची अख्खी फरशी रिकामी होती.