कचेरीचं पुढचं दार

आमच्या गावची कचेरी गावाकडं पाठ करून बसली आहे. नवख्या माणसाला हे खटकतं. पण गाव डोंगराच्या माथ्यावर, आणि ती बांधली तेव्हा वाट दरीतनं वर यायची. कोकणातनं मिठाचे बैल चढून आले की समोर दार दिसायचं. मग दुसऱ्या अंगानं डांबरी सडक आली, गाव तिकडं सरकलं. वाट बदलली की पुढचं मागं होतं. दगडाला ते कुणी सांगत नाही. मी मात्र आजवर वळसा घालून याच दारानं आत गेलोय.

काल तिथं गवंडी विटा रचत होता. वापर नाही म्हणून दार बुजवायचं ठरलंय. माझा वापर कुणी धरला नाही. मी पायरीवर बसून दरी बघत होतो. ढग वर येत होते. त्यांना अजून जुनीच वाट ठाऊक आहे. त्या ढगातनंच एक म्हातारी वर आली. खालच्या वाडीची, दाखल्यासाठी आलेली, दम लागलेला.

शिपाई म्हणाला, "आजी, हे दार बंद. मागनं या."

"मी पुढनंच आलेय, बाबा. मागनं तुम्ही जाताय."

गवंडी हसला. विटा गुडघ्याएवढ्याच झाल्या होत्या. थापी बाजूला ठेवून त्यानं तिला हात देऊन आत घेतलं.

मग मीही धोतर सावरून विटा ओलांडल्या. आत माझं काही काम नव्हतं.