चार बोटं माती

"चार बोटं माती खरवडून काढायची. वरवर न्हाई. चार बोटं. आन ती गावाच्या शिवेबाहेर टाकून यायची. तुमीच."

नाना उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलत होते. घर त्यांचं, पण आत पाय टाकत नव्हते. आत मी आणि माझी आई. जमीन ओली होती. आईनं नुकतीच सारवली होती. कोपरापर्यंत तिच्या हाताला शेण होतं.

नेवासा तालुक्यातलं गाव. साल दुष्काळाचं. मी तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. वय चोवीस. मिशनच्या दवाखान्यात शिकलेली. नोकरीवर हजर झाले तेव्हा राहायला जागा नव्हती. नानांनी दिली. त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला, गोठ्याला लागून, एक खोली आणि पडवी. "मिशनच्या बाया स्वच्छ असत्यात," असं चार माणसांत त्यांनीच म्हटलं होतं. आम्ही ख्रिस्ती आहोत हे मी सांगितलं होतं. ख्रिस्ती व्हायच्या आधी आमचे आजे-पणजे कोण होते, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. भीती होती. हे लपवत नाही.

दोन वर्षं राहिलो. तेवढ्यात त्यांच्या सुनेचं बाळंतपण मीच केलं. पायाळू मूल. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, ते त्या दिवशी नव्हते. मूल रडलं तेव्हा नानांच्या बायकोनं माझे हात धरून स्वतःच्या डोळ्यांना लावले. बाळाचा बाप, नानांचा मुलगा वसंत, दारात उभा राहून रडत होता.

मग दवाखान्यामागं नर्सचं क्वार्टर बांधून झालं. दोन खोल्या, खाली फरशी, दाराला आतून कडी. आई ती कडी लावून बघायची, काढून बघायची. जन्मभर ती दुसऱ्याच्या गोठ्यात नाहीतर पडवीत राहिलेली. मला म्हणाली, "हितनं आपल्याला कुनी ऊठ म्हनंल का गं?" मी म्हटलं, "न्हाई. सरकारचं घर हाय."

सामान न्यायला मामा घोडेगावाकडनं बैलगाडी घेऊन आला. येताना तिथल्या जनावरांच्या बाजारातून शेणाची पाटी भरून आणली. आईनंच सांगितलं होतं. आमच्या गावात शेण उरलं नव्हतं, निम्मी जनावरं लोकांनी विकली होती. पाण्याचंही तेच. टँकरचे दोन हंडे आईनं बाजूला ठेवले होते. दोन दिवस आम्ही अंघोळ केली नाही. "दुसऱ्याचं घर सोडताना सारवून द्यायचं," ती म्हणाली. "माघारी कुनी नाव ठिवू न्हाई."

तिनं भिंतीतली खिळ्यांची भोकं मातीनं बुजवली. चुलीमागची काजळी घासली, वर पांढरी माती फिरवली. मग सारवायला बसली. हाताच्या फेऱ्या अशा सारख्या की कुठं सुरू झाल्या ते दिसू नये.

बाहेर मामा शेवटच्या खेपेला बैल जुंपत होता. नानांनी त्याला पाहिलं. नानांची बहीण मामाच्याच गावात दिलेली.

"तू येसकराचा न्हवं का रं?"

"व्हय नाना."

येसकर म्हणजे गावाची राखण करणारा महार. मामाला वाटलं, ओळख निघाली. तो हसला.

नाना सरळ आमच्या दारात आले. "दोन वर्सं आमचं घर बाटवलं तुमी," म्हणाले. आणि मग ते चार बोटांचं बोलले.

आईनं मान वर केली नाही. कोपऱ्यातलं खुरपं घेतलं आणि खरवडायला लागली. आत्ता सारवलेली जमीन. ओलं शेण खुरप्यापुढं गोळा होत होतं, कातडं सोलावं तसं. मी तिच्याकडं बघत राहिले. आणि मग मीही फावडं घेतलं.

होय, मीही खरवडलं. नर्सचा पांढरा गणवेश घालणारी, इंजेक्शन देणारी, रजिस्टरवर इंग्रजीत सही करणारी मी. ओणवी होऊन ती माती काढत होते. आवाराच्या भिंतीवरून गावातली माणसं वाकून बघत होती. त्यातल्या किती जणांच्या जखमा मी धुतल्या होत्या. एक बाई तोंडाला पदर लावून हसली.

आईनं पाटी भरली, डोक्यावर घेतली. गाडी पुढच्या अंगणात होती, म्हणून ती पुढून निघाली. मी मागं. अंगणात वसंत उभा होता.

"ए म्हातारे, मागच्या वाटनं."

आईला नीट ऐकू आलं नसावं. आणखी एक पाऊल टाकलं. त्यानं लाथ घातली. कमरेत. पाटी उडाली. आई पायरीच्या दगडावर तोंडावर पडली. उठायला हात टेकला तेव्हा तोंडातून रक्त आणि दोन दात मातीत पडले. ते ती चाचपडून शोधायला लागली, जणू तेही उचलून न्यायला पाहिजेत. वसंतनं परत पाय उचलला.

माझ्या हातात फावडं होतं. मी ते दोन्ही हातांनी फिरवलं. त्याच्या खांद्यावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखू येतो. तो आला. वसंत खाली बसला, लहान मुलासारखा ओरडला. मी फावडं पुन्हा उचललं. त्याच्या डोक्यावर घालायचं होतं मला. मामानं मागून मिठी मारून धरलं म्हणून तो जगला. हेही लपवत नाही.

नाना तोंड उघडं टाकून उभे होते. मी म्हटलं, "नाना, तुमचा नातू माझ्या हातात जलमला. त्याला किती बोटं खरवडनार?"

भिंतीवरून पहिला दगड आला तो तेवढ्यात. मग बरेच आले. आईला गाडीत घालून आम्ही निघालो. एक दगड मामाच्या पाठीला लागला, एक बैलाच्या शिंगाला. नव्या घरात असं शिरलो आम्ही. मी आतून कडी लावली आणि दारावर दगड वाजत राहिले. फरशीवर बसवून मी आईचा ओठ शिवला. तीन टाके. ती कण्हलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी हवालदार आला. आई त्याला म्हणाली, "पाय घसरला माजा." त्यानं तसं लिहून घेतलं. वसंतची फिर्याद आधीच नोंदली होती. मी तालुक्याला गेले, फौजदारापुढं उभी राहिले. झालं ते सांगितलं. जातीवरून झालं, हेही सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही ख्रिस्ती. तुम्हाला कसली आलीय शिवाशिव?"

नानांना आम्ही महार होतो. फौजदाराला ख्रिस्ती. लाथ घालताना एक, कागदावर दुसरं. दोन्हीकडून मार आमचाच.

मग निरोप आला. गावासमोर नानांच्या पाया पडायचं, म्हणजे वसंत फिर्याद मागं घेईल. नोकरी वाचेल.

आई म्हणाली, "पड पाया. आपल्याला जगायचं हाय."

"न्हाई पडनार."

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी करून ठेवायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. पाचव्या दिवशी सकाळी माझ्यापुढं येऊन बसली. टाके अजून ओले होते, शब्द नीट उमटत नव्हते.

"कागद घे," म्हणाली. "लिही. माजा पाय घसरला न्हाई. त्यानं लाथ मारली. मी खोटं बोलले हुते, ते बी लिही."

मी लिहिलं. तिनं अंगठा दाबून उठवला. तो कागद कुणी घेतला नाही. मी टपालानं पाठवला, वर पाठवला, आणखी वर पाठवला. उत्तर आलं नाही. माझ्यावर मात्र केस चालली. आठ महिने घरी बसवलं, क्वार्टर काढून घेतलं. आईची कडी पंधरा दिवस टिकली. शेवटी समज देऊन सोडलं आणि बदली केली दुसऱ्या तालुक्यात.

तिथंही क्वार्टर नव्हतं. खोली शोधायला आम्ही दोघी निघालो. पहिल्या घरातली बाई चांगली वाटली. पाणी विचारलं. मी पाण्याला हात लावला नाही. दारातच उभी राहून म्हटलं, "मी महाराची हाय. ख्रिस्ती हाय. दवाखान्यात नर्स हाय. आईच्या अंगावर पाय उचलनाऱ्याचं हाड मोडून आलेय. खोली द्यायची तर हे ऐकून द्या."

बाईनं दार लावून घेतलं.

आईनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, कशाला सांगतीस. ती म्हणाली, "जरा मोट्यानं बोल. आत ऐकू गेलं न्हाई."

आम्ही पुढच्या दारावर गेलो. मी कडी वाजवली. तेच बोलले. मोठ्यानं.