तुंगाबाईची दुसरी साक्ष

तुंगाबाईला इस्पितळाच्या धोबीखान्यात एकोणीस वर्षं झाली होती आणि त्यातला एक दिवसही तिला ते काम आवडलं नव्हतं. हे ती कुणापासून लपवत नसे, देवापासून तर नाहीच. रोज पहाटे चूल पेटवायच्या आधी ती गुडघे टेकायची आणि मराठीत रोखठोक सांगायची, "बापा, मला तिथनं काढ. वार्डात घाल." बाकीच्या मागण्या हवा बदलावी तशा बदलत, ही एक कायम.

इस्पितळ म्हैसूरबाहेर, येलवालच्या रस्त्यावर होतं. मिशनचं, लहानसं, बाळंतिणींचं. मागच्या अंगाला पत्र्याची शेड. तिथं सोड्याच्या पाण्यात रक्ताच्या चादरी भिजत घालायच्या, हंड्यात उकळायच्या, दगडावर चोळायच्या, नीळ देऊन तारेवर टाकायच्या. भिंतीपलीकडे बाळं जन्माला येत. त्यांचं रडणं अलीकडे ऐकू येई, बाळ काही दिसत नसे. तुंगाबाईच्या वाट्याला दुपटं तेवढं यायचं, तेही ओलं.

तिचे आजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. वडील मानाजीराव एका मोठ्या दुखण्यातून मिशनऱ्यांच्या औषधानं उठले आणि बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले. भाऊबंदांनी वाळीत टाकलं. घर सुटलं, सोयरिकी सुटल्या, मराठी मात्र सुटली नाही. अख्ख्या कन्नड चर्चमध्ये हे एकच मराठी घर, आणि आता त्यातही दोनच माणसं उरली होती, तुंगाबाई आणि तिची म्हातारी आई गिरिजाबाई.

वार्डाचा हा हट्ट कशासाठी, ते गिरिजाबाईला ठाऊक होतं. तुंगाचं एकुलतं एक मूल याच इस्पितळात झालं आणि रडलंच नाही. बघितलं तर विसरणं जड जाईल, असं म्हणून नर्सनं ते गुंडाळून तसंच बाहेर नेलं. तुंगाला दिसला तो दुपट्याचा कोपरा. वर्षाच्या आत नवरा तापानं गेला, तेव्हा इस्पितळानं दया म्हणून तिला धोबीखान्यात काम दिलं. आता दया करायचीच तर माणसानं जरा बघून करावी, पण ते असो. तुंगाबाईला जन्मात एकदा, एक तरी नुकतं झालेलं मूल हातात घ्यायचं होतं. एवढंच.

एकदा तिनं पास्टरसाहेबांपुढं गाऱ्हाणं घातलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, प्रभूनं स्वतः कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतले. काम हलकं नसतं, त्याच्यासाठी म्हणून केलं की तीच प्रार्थना होते.

"त्यांनी एक सांज धुतले, अय्या," तुंगाबाई म्हणाली. "मी एकोणीस वर्षं धुतेय."

पास्टरसाहेब हसले, आणि मग हसू आवरून त्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. तिनंही त्यांचा शब्द वाया जाऊ दिला नाही. त्या दिवसापासून दुपटं पिळताना, ते ज्याच्या अंगावर जाईल त्या बाळासाठी ती एक ओळ म्हणू लागली, "याला सांभाळ, बापा." त्यानं काम गोड झालं असं नाही. पण दिवस सरायचे.

आणि एका शनिवारी, बस धरायला ती निघालीच होती, तोच मोठ्या नर्स वेदवती सिस्टर शेडमध्ये आल्या. वार्डातली जुनी आया गावी निघून गेली होती. "तुंगम्मा, सोमवारदिंद वार्डिगे बा," सोमवारपासून वार्डात ये, एवढंच त्या बोलल्या आणि गेल्या. तुंगाबाई ओल्या दगडावर तशीच बसून राहिली. तिची बस चुकली.

त्यांच्या चर्चची एक रीत होती. ज्याची प्रार्थना ऐकली गेली त्यानं रविवारी उपासनेत पुढं येऊन साक्ष द्यायची. जाणती माणसं गोष्ट पदरात पडेपर्यंत थांबत; सोयरीक जुळली म्हणून कुणी साक्ष देत नसे, अक्षता पडल्या की देई. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं देवाच्या दारात तरी नको.

"सोमवार होऊ दे गे," गिरिजाबाई म्हणाली. "सुम्ने, उगाच घाई कशाला?"

"एकोणीस वर्षं थांबले नव्हं, आई? आता थँक्स सांगायलाबी थांबू?"

ती थांबली नाही. रविवारी पुढं जाऊन तिनं कन्नडात खणखणीत साक्ष दिली. लोकांनी "स्तोत्र, स्तोत्र" म्हणून देवाचे आभार मानले. उपासनेनंतर बायकांनी तिला गराडा घातला. पास्टरसाहेबांच्या बायकोनं आपली पांढरी साडी आणून दिली, वार्डात नेसायला. तुंगाबाई इतकी हसली की तिचे गाल दुखले.

सोमवारी दुपारी हुणसूरची एक बाई मोकळी झाली. मुलगी. डॉक्टर अंबुजांनी नाळ कापली आणि पुसायला मूल पुढं केलं. पांढऱ्या साडीतल्या तुंगाबाईनं दोन्ही हात पसरले.

डॉक्टरांनी ते हात बघितले आणि मूल मागं घेतलं.

नखं सोड्यानं खाल्लेली. तळव्यांना भेगा, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, दोन ठिकाणी पू. डॉक्टरांनी मूल नर्सकडे दिलं आणि तुंगाबाईला बाजूला घेतलं. या हातांनी ताज्या नाळेजवळ गेलीस तर लेकरू दगावेल, त्या म्हणाल्या. मलम लावते, बरे होतील, असं तुंगाबाई पुन्हा पुन्हा सांगत राहिली. "हे एका दिवसाचं नाही, तुंगम्मा," डॉक्टर म्हणाल्या. "वरची कातडीच उरली नाही. आता यांचा भरवसा नाही धरता येत." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कुणी दुष्टपणा केला असता तर तुंगाबाईनं त्याला चार शिव्या हासडल्या असत्या. पण डॉक्टरांचं बरोबर होतं, तेच तिला सहन होईना.

तीन वाजायच्या आत ती हंड्याजवळ परतली. त्या आठवड्यात पहाटे तिनं गुडघे टेकले नाहीत, सरळ चूल पेटवली.

पुढच्या रविवारी ती साक्षीला उठली. चर्च म्हैसूर शहरातलं, इस्पितळातली बातमी तिथवर पोचली नव्हती. पास्टरसाहेबांनी कौतुकानं तिला पुढं बोलावलं. गेल्या रविवारची साक्ष मी मागं घेते, हे कन्नड वाक्य तिनं आठवडाभर घोकलं होतं. पण पुढं उभं राहिल्यावर कन्नड आटलं. डोळे मिटले आणि पहाटेची भाषा तोंडाला आली.

"माझी साक्ष मी मागं घेते, बापा. तू दिलेलं मागं घेतोस, मग मी का नको? लेकरू दिलंस, दावलं नाहीस. वार्ड दिलास, दिवसभर राहू दिलं नाहीस. तुझंच काम म्हणून धुतलं नव्हं मी? त्यातच हात गेले. आता काय मागू? सांग, काय मागू?"

गालांवरून पाणी वाहत होतं, उघडे हात वर झाले होते, आवाज चढला होता. गिरिजाबाई सोडून चर्चमध्ये कुणाला एक अक्षर कळलं नाही. बाई आनंदानं भरून आली आहे, तिच्या घरच्या भाषेत देवाला गोंजारते आहे, असं त्यांना वाटलं.

"आमेन!" सगळं चर्च म्हणालं. "स्तोत्र! आमेन!" पास्टरसाहेबही डोळे मिटून म्हणाले.

एकट्या गिरिजाबाईनं तोंड उघडलं नाही. तुंगा बाकावर परत आली तेव्हा म्हातारीनं तिचे दोन्ही हात ओढून आपल्या मांडीवर घेतले आणि भेगांवरून अंगठा फिरवत राहिली.

"तू झालीस तवा मी पयले हेच हात धरले होते," ती हळूच म्हणाली. "तुंगे, तुला तेवढंबी मिळालं नाही गे."

तुंगाबाईनं हात सोडवून घेतले नाहीत. शेवटचं गीत झालं, लोक उठले, तरी दोघी बसून होत्या.

सोमवारी हुणसूरच्या मुलीची दुपटी धुवायला आली. पहिलं पिळताना सवयीनं ओळ तोंडात आली. तुंगाबाई घटकाभर थांबली. मग "हिला सांभाळ, बापा," म्हणाली आणि दुपटं झटकून तारेवर टाकलं. बाळांसाठी ती ओळ तिनं पुढं कधी चुकवली नाही. स्वतःसाठी मात्र तिनं पुन्हा काही मागितलं नाही.