अण्णाची बिनरंगी कॅसेट

कॅसेट रिवाइंड व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मी कलावंत होतो. कोरमंगलातल्या त्या घरात माझी किंमत एवढीच ठरली होती. दर रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये सतरंजी पडायची. गल्लीतली पोरं, घरमालकीण काकूंच्या भजनातल्या बायका, एकदोन रिटायर झालेली मंडळी येऊन बसायची. एक कॅसेट संपून उलटी फिरायला लागली की काकू म्हणायच्या, "तोवर तू काहीतरी कर की रे. ते कोंबडीचं कर."

मी कोंबडीचं करायचो. मशीन खट् करून थांबलं की माझं अंडं निम्मं बाहेर असलं तरी सगळी तोंडं टीव्हीकडे.

आणि मी काय साधासुधा नकलाकार होतो का? मी जतचा. आमच्या एसटी स्टँडवर मी कंट्रोलरच्या आवाजात विजापूर गाडी लागल्याचं सांगितलं होतं, तेव्हा माणसं पिशव्या उचलून पळाली होती. असा माणूस नव्वदीच्या दशकात बेंगळुरात टीव्हीच्या दुकानात सेल्समन झाला आणि काकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहिला. घर मराठीच, पण किती पिढ्यांपूर्वी इकडं आलेलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. "स्वल्प सरक की", म्हणजे जरा सरक, हे त्यांचं कानडी वळणाचं शुद्ध मराठी.

काकूंचा मुलगा बँकेत होता. सगळे त्याला अण्णा म्हणायचे, म्हणून मीही. तोंडावर अहो-जाहो, मनात अरे-तुरे. त्याला कार्टूनच्या कॅसेटी जमवायचा नाद होता. पण कार्टून म्हटलेलं चालायचं नाही. "अॅनिमेशन म्हण," असं तो अगदी हळू आवाजात सांगायचा. काचेवर वाळू सरकवून केलेलं, मातीच्या बटाट्यांचं, कात्रणांचं, कुठल्या कुठल्या देशातलं. काकूंचं लोखंडी कपाट त्या कॅसेटींनी भरलं होतं आणि काकूंच्या साड्या पलंगाखाली ट्रंकेत गेल्या होत्या. पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून तो प्रत्येक कॅसेट काढून फिरवून ठेवायचा. माझ्या उशीला बुरशी आली होती, तिकडं कोणी बघितलं नाही.

मला जळायला एक कॅसेट पुरेशी होती. गाव सोडून जाणाऱ्या एका परदेशी कुटुंबानं घरातलं सामान विकलं, त्यात अण्णाला ती मिळाली. वर कव्हर नाही, नाव नाही. लोकरीच्या बाहुलीचा एक म्हातारा बर्फात आपला मफलर शोधत फिरतो. बाकावर बघतो, घोड्याखाली बघतो. शेवटी दमून झुडपांच्या कुंपणाला टेकून बसतो, वर बर्फ पडत राहतो, संपलं. सगळं ब्लॅक अँड व्हाइट. अण्णाच्या टीव्हीवर बाकीच्या कॅसेटी रंगीत दिसायच्या, हीच तेवढी नाही. शिवाय चित्र वर वर पळायचं. अण्णा टीव्हीच्या मागं हात घालून बटण पिळून ते बसवायचा आणि म्हणायचा, "जुनी आहे. जपायला पाहिजे."

मग चष्मा काढून भाषण. "याला रंग मुद्दाम दिलेले नाहीत. ज्याचं काही हरवलंय, त्याला जगात रंग दिसत नाहीत." एवढं बोलून थांबायचा. बायकांचे पदर डोळ्याला. एकदा एक आजोबा उठून बाहेरच गेले आणि नाक शिंकरून परत आले.

माझ्या कोंबडीसाठी कोणी नाक शिंकरलं नव्हतं.

ते भाषण मी बाथरूममध्ये बसवलं. चष्मा काढणं, तो थांबा, "हरवलंय"मधला तो खालचा सूर, सगळं. दुकानातल्या पोरांना करून दाखवायचं ठरवलं. पण कॅसेट हातात नसली तर नक्कल पुरी होत नाही. अण्णाकडं मागितली, वाटलं नाही म्हणेल. त्यानं ती रुमालात गुंडाळून दिली. "तुझ्या मित्रांना दाखव. उन्हात ठेवू नको, सरी, बरं का?" नाही म्हणाला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

दुकानात तेव्हा नवीन टीव्ही आला होता, कुठल्याही देशाची कॅसेट दाखवणारा. जेवायच्या सुट्टीत मी त्यावर कॅसेट लावली, चष्मा काढल्यासारखं केलं आणि म्हणालो, "याला रंग मुद्दाम..."

पोरं हसली. माझ्याकडं बघून नाही. मी वळलो.

टीव्हीवर हिरवंगार कुंपण होतं आणि त्यावर लालभडक मफलर लटकत होता. पहिल्यापासून. म्हातारा त्याच्याखालून तीनदा गेला. शेवटी त्यालाच पाठ लावून बसला. लाल आणि हिरवं, दोन्ही अण्णाच्या टीव्हीवर एकाच राखाडीत मिसळून गेलेलं. पिक्चर रडायचा नव्हताच, विनोदी होता.

"अमेरिकेची कॅसेट साध्या टीव्हीवर लावली तर रंग येत नाही, साहेब," हे वाक्य मी गिऱ्हाइकांना रोज म्हणून दाखवत होतो. घरी त्याच रोगाच्या पेशंटसमोर दर रविवारी बसत होतो.

मला इतका आनंद पगार वाढल्यावरसुद्धा झाला नव्हता. मालकांना म्हटलं, आमच्या घरी चांगलं गिऱ्हाईक आहे, डेमो देतो. रविवारी नवीन टीव्ही रिक्षात घालून आणला, जुन्याच्या शेजारी ठेवला. आता ही सतरंजी माझी होती. अण्णाला म्हटलं, "तुमची ती मफलरवाली लावू या. पण आधी भाषण होऊ दे, त्याशिवाय मजा नाही."

अण्णानं चष्मा काढला. अख्खं भाषण केलं, मोठा थांबा घेऊन. आजोबांनी रुमाल तयार ठेवला. मी बटण दाबलं.

पडद्यावर रंग आले तशा सगळ्या माना पुढं झाल्या. मग पुढं बसलेली एक मुलगी म्हणाली, "तिथं आहे की मफलर."

आणि हॉल फुटला. म्हातारा प्रत्येक वेळी मफलरखालून गेला की पोरं ओरडायची, "वर बघ, अज्जा, वर!" मी अण्णाकडं बघत होतो. मला त्याचं पडलेलं तोंड पाहिजे होतं, मी त्याच्यासाठीच रिक्षाचं भाडं दिलं होतं. अण्णा सरकत सरकत टीव्हीपुढं पोरांच्यात जाऊन बसला होता. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"परत लाव," तो म्हणाला. "इतकी वर्षं तिथंच होता की रे तो."

कॅसेट उलटी फिरायला लागली. मी कोंबडीसाठी घसा साफ केला. काकू म्हणाल्या, "थांब की रे. बोलू दे जरा." सगळे मफलरचंच बोलत होते.

महिन्याभरात अण्णानं आमच्याच दुकानातून तो टीव्ही घेतला, जुना ठेवून. आता दर रविवारी कॅसेट एक आणि पिक्चर दोन. आधी जुन्या टीव्हीवर रडायचं, मग नव्या टीव्हीवर हसायचं. पलीकडच्या गल्लीतले लोकही यायला लागले.

मधे कॅसेट फिरवायची होतीच. एकदा अण्णा माझ्या खोलीत आला. "कोंबडी राहू दे. तू माझं भाषण कर."

"कुठलं भाषण?" मी म्हणालो.

"बाथरूममधलं. माझ्या खोलीची आणि त्याची भिंत एकच आहे." त्यानं स्वतःचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. "माझ्यापेक्षा तुला चांगलं येतं."

त्या रविवारी कॅसेट फिरत असताना मी ते केलं. सुरापासून थांब्यापर्यंत एक जागा चुकली नाही. असं हसणं, अशा टाळ्या मला जतला कधी मिळाल्या नव्हत्या. मशीन खट् झालं तरी कोणी टीव्हीकडं वळलं नाही.

भाषण संपल्यावर अण्णासारखाच परत घातलेल्या चष्म्यामुळं मला धुरकट दिसत होतं, म्हणून मी तो काढून नीट बघितलं. टाळ्या वाजवताना सगळे मागं वळून अण्णाकडं बघत होते.