शेपट्या किती व्हत्या?

ओतूरच्या एसटी स्टँडमागं पाण्याच्या जळालेल्या मोटरी भरून देणारा एक जण आहे. लढाऊ विमानं आणि अंतराळयानांच्या गोष्टी, या दोन्हींचं त्याला वेड. दुकानातल्या टीव्हीवर यानांची लढाई लागली की तो आवाज बंद करतो. "पोकळीत आवाज येतो का, राव? लई खोटं दाखवत्यात."

मोटरीत नव्यानं भरायच्या तांब्याच्या तारेचे वेढे तो मनात मोजतो. मधेच वर विमान गरजलं की तार टाकून बाहेर पळतो, "दोन शेपट्या, सुखोई" असं समाधानानं सांगतो आणि मोजणी चुकली म्हणून सगळी तार उलगडून पहिल्यापासून सुरू करतो. गिऱ्हाइकं वैतागतात.

मागच्या उन्हाळ्यात माझे टोमॅटो सुकायला आले होते आणि मोटर त्याच्या हातात होती. विमान आलं. तो जागचा हलला नाही, फक्त मोठ्यानं मोजू लागला. शेवटचा वेढा बसल्यावर त्यानं हळूच विचारलं, "शेपट्या किती व्हत्या?"

मी पाहिलंच नव्हतं. माझं सगळं लक्ष त्याच्या बोटांकडं.

तेव्हापासून राजुरीत आमच्या रानावरून विमान गेलं की मी त्याला फोन करून शेपट्या सांगतो. परवा जरा गंमत करावी म्हणून म्हणालो, "भाऊ, आज शेपटी न्हाई, पंख न्हाईत, आवाजबी न्हाई."

 पलीकडून दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आणि मागोमाग गाडीला किक मारल्याचा आवाज आला.